आयसीयूत आरटी (रेस्पिरेटरी थेरपिस्ट) म्हणून पहिली ड्युटी लागलीय? मग हे वाचून जा

दरवर्षी नवीन इंटर्न आले की तेच प्रश्न येतात, सर व्हॉल्यूम किती ठेवू, सर अलार्म थांबतच नाही, सर बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) आजोबा भांडतायत, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. हे मोठ्या माणसांच्या आयसीयूचं आहे, एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचं, गणित पूर्ण वेगळं आहे ते इथे शोधू नका. आणि व्हेंटिलेटरच्या मोडचं पुस्तकी वर्णन पण देणार नाही, ते कॉलेजात झालंय तुमचं. कॉलेजात जे कोणी सांगत नाही तेवढंच सांगतो, कारण रात्री तीन वाजता आरटीची जी धावपळ होते त्यातली निम्मी संध्याकाळी आठ वाजता काहीतरी बघायचं राहिलं म्हणून होते, हे माझं पक्कं मत आहे.

पहिला अर्धा तास

हॅन्डओव्हर बेडजवळ उभं राहून घ्यायचा, स्टेशनवर चहा पिता पिता नाही. आणि घेतल्यावर व्हेंटिलेटरच्या स्क्रीनकडे लगेच धावायचं नाही, आधी बेडच्या आजूबाजूला बघायचं. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची) आहे का, तिला मास्क आहे का आणि तो या पेशंटच्या तोंडाला बसणाऱ्या मापाचा आहे का, तिची नळी ऑक्सिजनला जोडलेली आहे का नुसतीच लोंबकळतेय. बॅगचं तोंड तळहाताने बंद करून एकदा दाबून बघा, हवा कुठून तरी फुसकन निघाली तर व्हॉल्व गेलाय, ती बॅग बाजूला ठेवा आणि दुसरी आणा. सक्शनची नळी अंगठ्याने बंद करून गेजचा काटा वर जातो का बघा. व्हेंटिलेटरचा प्लग यूपीएसच्या सॉकेटमध्ये आहे का साध्या, हे वायरला हात लावून शेवटपर्यंत बघायचं, कारण झाडूपोछा करताना मावशी प्लग काढतात आणि परत लावताना जो रिकामा दिसेल त्यात लावतात, त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग सिलेंडर. भिंतीतून ऑक्सिजनची सेंट्रल लाईन आहे म्हणून सिलेंडरकडे कोणी बघत नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकला महापालिकेच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि वीसपेक्षा जास्त पेशंट गेले, आपल्याकडच्या प्रत्येक आरटीने ही तारीख लक्षात ठेवायला हवी. त्यामुळे वॉर्डात जे सिलेंडर उभे आहेत ते भरलेले आहेत का रिकामे, रेग्युलेटर बसवलेला आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चावी कुठे आहे. चावी सिलेंडरलाच साखळीने बांधलेली असावी, ड्रॉवरमध्ये नाही, शेजारच्या वॉर्डात तर नाहीच नाही. रेग्युलेटर घट्ट बसत नाही म्हणून कोणी तेल किंवा ग्रीस लावत असेल तर हात धरा त्याचा, जोरात येणाऱ्या ऑक्सिजनपुढे तेल पेट घेतं.

एवढं झालं की पेशंट. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलतेय का, मानेचे स्नायू ओढले जातायत का, घाम आहे का, पोट आणि छाती उलटसुलट हलतेय का. स्टेथो लावून दोन्ही बाजू ऐका. श्वासनलिकेत घातलेली ट्यूब ओठांपाशी किती नंबरवर (सेंटिमीटर) आहे ते वाचा, साधारण बायकांना २१ आणि पुरुषांना २३ च्या आसपास असते, पण खरा नंबर म्हणजे एक्सरे बघून जो ठरवला आणि शीटवर लिहिला तो. रात्री १९ दिसला तर ट्यूब बाहेर सरकलीय आणि २६ दिसला तर बहुतेक उजव्या फुफ्फुसात गेलीय. ट्यूबच्या कफचं (आतल्या टोकाजवळचा फुगा, बेडका नाही) प्रेशर मीटर लावून मोजा, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मधे हवं. बाहेरचा छोटा फुगा बोटाने दाबून "हां बरोबर आहे" म्हणणारे सीनियर तुम्हाला भेटतील, त्यांना मान द्या पण मीटर लावाच, कारण बोटाला २५ आणि ६० मधला फरक कळत नाही आणि ६० वर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा बंद होतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, जोपर्यंत डॉक्टरांनी नको म्हटलेलं नाही तोपर्यंत.

टेप घ्या खिशात

आता सेटिंग. आपल्याकडे एक सवय आहे, पेशंट आला की ४५० व्हॉल्यूम, १६ रेट, ५ पीप (श्वास सोडल्यावरही आत ठेवलेलं प्रेशर), १०० टक्के ऑक्सिजन, आणि मग डॉक्टर येतील तेव्हा बघू. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात दिलेली हवा, पेशंटच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुफ्फुस मोठं होत नाही. उंचीवरून हिशोबाचं वजन काढायचं, पुरुषाला ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४), बाईला ५० च्या जागी ४५.५, बाकी तेच. म्हणजे आपल्याकडची १५० सेंटिमीटर उंचीची मावशी घ्या, तिचं हिशोबाचं वजन येतं ४३ किलोच्या जरा वर, ६ मिलीने गुणलं की २६० मिली. तिला ४५० दिले तर किलोला दहा मिलीपेक्षा जास्त झाले. वजनकाट्यावर ती ७५ किलोची असली तरी काही फरक पडत नाही. १६५ सेंटिमीटरच्या काकांचं हिशोबाचं वजन येतं साडेएकसष्ट, म्हणजे ३७० मिली.

हे ६ मिलीचं कुठून आलं तर अमेरिकेतल्या एआरडीएस (फुफ्फुसं सुजून पाण्याने भरण्याचा गंभीर आजार) नेटवर्कची २००० साली आलेली ट्रायल, ८६१ पेशंट, एका गटाला किलोला ६ मिली आणि दुसऱ्याला १२, मृत्यूचं प्रमाण ३१ टक्के विरुद्ध जवळपास ४०. एवढा फरक देणारं औषध आयसीयूत फारसं नाही आणि हे फुकट आहे, फक्त टेप लागते. शिंप्याकडची साधी टेप चालते. पेशंट सपाट झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजा, नातेवाईकांना विचारून लिहू नका, नवऱ्याची उंची सगळेच दोन इंच वाढवून सांगतात. एआरडीएस नसलेल्याला ६ ते ८ मिली चालतं, ते डॉक्टर ठरवतील, पण हिशोब करून त्यांच्यासमोर ठेवणं हे आपलं काम.

व्हॉल्यूम ठेवला की इन्स्पिरेटरी होल्ड दाबून प्लॅटो (श्वास आत रोखल्यावर फुफ्फुसात राहणारं प्रेशर) बघा, ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत हवा. पेशंट स्वतः जोर लावत असेल तर हा आकडा खोटा येतो हे लक्षात ठेवा. आणि प्लॅटो रोज त्याच वेळी शीटवर लिहा, एक आकडा काही सांगत नाही, चार आकडे एकाखाली एक लिहिलेले असले की फुफ्फुस कडक होतंय का सुटतंय ते दिसतं.

अलार्म वाजला

पहिली गोष्ट, सायलेन्सच्या बटणाकडे हात नेताना डोळे पेशंटवर पाहिजेत. सॅच्युरेशन पडतंय, चेहरा बदललाय, तर विचार करत बसू नका, व्हेंटिलेटर काढा आणि १०० टक्के ऑक्सिजनवर अंबूने द्यायला लागा आणि ओरडून मदत बोलवा. अंबूवर हवा सहज जातेय आणि पेशंट सुधारला तर दोष मशीन किंवा सर्किटमधे होता. अंबू दाबायलाच जड जातेय तर ट्यूब किंवा छाती. डोप म्हणून जे पाठ केलंय ते इथे कामाला येतं: ट्यूब सरकली, ट्यूब चोक झाली, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं), इक्विपमेंट. सक्शन कॅथेटर घालून बघा, आत जातच नसेल तर पेशंट ट्यूब चावतोय किंवा आत बेडका सुकून बसलाय. कॅथेटर आरामात जातंय पण एका बाजूला हवाच ऐकू येत नाही आणि बीपी पडतंय तर न्यूमोथोरॅक्स मनात आणा आणि डॉक्टरला हाच शब्द वापरून सांगा, "सर जरा बघता का" असं गुळमुळीत नाही. दम्याचा पेशंट असेल तर मशीन काढल्यावर लगेच भराभरा अंबू दाबू नका, आत अडकलेली हवा आधी बाहेर पडू द्या, कित्येकदा त्यातच बीपी परत येतं.

पेशंट ठीक दिसतोय पण हाय प्रेशर वाजतंय, तर पीक (श्वास आत जाताना सगळ्यात वर जाणारं प्रेशर) आणि प्लॅटो दोन्ही बघा. पीक वाढलंय आणि प्लॅटो जुनाच आहे म्हणजे वाटेत अडथळा, सिक्रिशन, ट्यूबला पीळ, चावणं, ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनळ्या आवळणं), किंवा सर्किटमधे पाणी. दोन्ही वाढलेत म्हणजे फुफ्फुसाचा किंवा छातीचा प्रॉब्लेम, पाणी भरलंय, ट्यूब एका बाजूला गेलीय, न्यूमोथोरॅक्स, पोट फुगलंय. लो प्रेशर आणि लो व्हॉल्यूमला ट्यूबपासून मशीनपर्यंत प्रत्येक जोड हाताने दाबत जा, डोळ्याने बघून लीक सापडत नाही, नेब्युलायझर काढल्यावर टी तसाच उघडा राहिलेला सगळ्यात जास्त वेळा सापडतो. आणि पेशंटचा रेट अचानक ३५ दिसायला लागला आणि पेशंट मात्र शांत पडलाय, तर बहुतेक नळीतलं पाणी हलून मशीनला खोटा ट्रिगर मिळतोय. ते पाणी पेशंटकडे किंवा परत ह्युमिडिफायरकडे ढकलायचं नाही, वॉटर ट्रॅपमधे काढायचं.

अलार्मची लिमिट एवढी रुंद करून ठेवणारे लोक असतात की पेशंट गेला तरी मशीन गप्प बसेल, रात्री शांत झोप लागावी म्हणून. तसलं काही दिसलं तर स्वतःच्या लिमिट लावा, कोणाला विचारत बसू नका.

सक्शन आणि ओलावा

सक्शन घड्याळ बघून दर दोन तासांनी करायचं नसतं, लागेल तेव्हा करायचं. घरघर ऐकू येतेय, फ्लोच्या ग्राफवर करवतीसारखे दाते दिसतायत, पीक वाढलंय, सॅच्युरेशन उतरतंय, तेव्हा. आधी अर्धा ते एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको (८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच), प्रेशर १५० एमएमएचजीच्या वर नाही, आत घालताना सक्शन बंद आणि बाहेर काढताना चालू, आणि सगळं मिळून १५ सेकंदात. स्वतःचा श्वास रोखून करा, तुम्हाला गुदमरलं की पेशंटला पण गुदमरलंय. सलाईन टाकून सक्शन करायची जुनी पद्धत अजून खूप ठिकाणी चालते, रूटीन म्हणून करू नका, बेडका घट्ट असेल तर ओलाव्याचं काहीतरी चुकतंय.

ओलाव्यात नवीन पोरं हमखास एका ठिकाणी अडकतात. एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातला ओलावा धरून ठेवणारा) आणि हीटेड ह्युमिडिफायर (गरम पाण्याने ओलावा देणारा) दोन्ही एकदम लावायचे नाहीत. एचएमई पाणी शोषून जड होतो आणि पेशंटला त्यातून श्वास घेता येत नाही. तसंच नेब्युलायझेशन देताना एचएमई मधे ठेवला तर औषध सगळं त्यातच बसतं, म्हणून आधी काढायचा आणि झाल्यावर आठवणीने परत लावायचा. औषधाचे कण मशीनच्या एक्स्पिरेटरी फिल्टरमधे पण साचतात, दम्याच्या पेशंटला सारखं नेब्युलायझेशन चाललंय आणि श्वास सोडायला वेळ लागतोय तर डोस वाढवायला सांगण्याआधी तो फिल्टर बदलून बघा.

बायपॅप म्हणजे निम्मं बोलणं

सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आजोबा येतात, विडीवर आयुष्य गेलेलं, किंवा आजी ज्यांनी चाळीस वर्ष चुलीपुढे फुंकणी फुंकलीय आणि ज्यांना कोणी फुफ्फुसाचं विचारलंच नाही. रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली, कार्बन डायऑक्साईड वाढलेला. इथे पहिलं म्हणजे कोणीतरी घाबरून १५ लिटरचा मास्क लावलेला असतो आणि सॅच्युरेशन १०० बघून सगळे खुश असतात, तर अशा पेशंटला ८८ ते ९२ टार्गेट ठेवायचं. व्हेंच्युरी मास्क (ठरावीक टक्के ऑक्सिजन देणारा) असेल तर निळा २४ टक्के, पांढरा २८, तिथून सुरुवात.

बायपॅप लावताना पट्टे लगेच आवळायचे नाहीत. पेशंटला बसवा, मास्क त्यांच्याच हातात द्या, "आजी, हवा जोरात येईल, घाबरू नका, तोंड मिटा आणि हवेला येऊ द्या, नको वाटलं तर हात वर करा मी इथेच आहे" असं सांगा, आणि पाच दहा मिनिटं स्वतः हाताने धरून उभे राहा. वरचं प्रेशर ८ ते १०, खालचं ४ ते ५ पासून सुरू करून मग हळूहळू वाढवा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, थोडा लीक चालतो, डोळ्याकडे जाणारा लीक चालत नाही. नाकाच्या हाडावर आधीच पॅड लावा, जखम झाल्यावर लावून उपयोग नाही. तासा दोन तासांनी एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी) परत, पीएच सुधारत नसेल किंवा पेशंट पेंगायला लागला तर डॉक्टरला तेव्हाच कळवा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. उलट्या चालू असलेल्या किंवा शुद्ध नसलेल्या पेशंटला मास्क लावायला कोणी सांगितलं तर एकदा स्पष्ट विचारा.

आणि मास्क तपासा! एका नळीच्या बायपॅप मशीनला श्वास बाहेर जायला भोक असलेला मास्क किंवा नळीवर लीक पोर्ट लागतो, आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरला बिनभोकाचा. बिनभोकाचा मास्क लीक पोर्ट नसलेल्या एका नळीवर लावला तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साईड परत घेत राहतो. स्टोअरमधून आलेलं पाकीट फोडलं म्हणजे बरोबरच असेल असं धरू नका.

एबीजीबद्दल जास्त लिहीत नाही. हेपरिनची सिरिंज, बुडबुडा लगेच काढा, नमुना लगेच मशीनवर, जागेवर किमान पाच मिनिटं दाबून धरा, आणि त्या वेळी ऑक्सिजन किती टक्के चालू होता ते कागदावर लिहा. ६० पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) रूम एअरवर आणि ६० पीओटू ५० टक्क्यांवर, दुसऱ्याचा रेशो (६० भागिले ०.५) १२० येतो आणि तो पेशंट खूप आजारी आहे, पण नुसता कागद बघणाऱ्याला ते कळणार नाही.

सीटीला न्यायचंय

सगळ्यात धोक्याची वेळ हीच आणि सगळ्यात घाईत हीच होते. छोटा बी टाईप सिलेंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, काटा १५० वर. काटा १०० वर म्हणजे १००० लिटर, मिनिटाला १० लिटरने १०० मिनिटं, कागदावर. प्रत्यक्षात लिफ्ट येत नाही, सीटीला आधीचा पेशंट असतो, ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर स्वतः चालायला पण गॅस खातं, म्हणून जेवढा वेळ लागेल वाटतंय त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घेऊन निघायचं आणि चावी खिशात. निघायच्या आधी पाच मिनिटं ट्रान्सपोर्ट मशीनवर पेशंटला बेडवरच ठेवून बघा, तिथे जमत नसेल तर लिफ्टमधे जमणार नाही. एमआरआय असेल तर साधा लोखंडी सिलेंडर दाराच्या आत नेऊ नका, चुंबक तो खेचून घेतो, आणि स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो.

नातेवाईक तुम्हाला बाहेर गाठणारच, मशीन लावलं म्हणजे संपलं का, मशीन कधी निघणार, तुम्ही तरी खरं सांगा दादा. मशीन काय करतंय ते साध्या मराठीत सांगा, की ते बरं करत नाही, औषधाला काम करायला वेळ मिळावा म्हणून श्वासाचा भार उचलतंय. वाचणार का नाही हे मात्र तुम्ही बोलू नका, डॉक्टरांशी गाठ घालून द्या. टाळून पळून जाऊ नका एवढंच.

मशीन काढताना

रोज सकाळी प्रत्येक पेशंटबद्दल हा प्रश्न विचारायचा की आज याची स्वतः श्वास घेण्याची ट्रायल घेता येईल का, आणि सिस्टरशी बोलून झोपेचं औषध त्याच्या आधी कमी करायची ऑर्डर घ्यायची, गुंगीतल्या माणसाची ट्रायल म्हणजे वेळेचा अपव्यय. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास, पीप ५ ते ८, बीपी टिकतंय, खोकला आहे, तर टी पीस (मशीन काढून ट्यूबला नुसता ऑक्सिजन) किंवा कमी सपोर्टवर ३० मिनिटं ते २ तास. रेट भागिले लिटरमधला व्हॉल्यूम, १०५ च्या खाली असेल तर आशा आहे, जसं ३० चा रेट आणि ०.३ लिटर म्हणजे १००. पण आकडा १०० आणि पेशंट घामाने भिजलाय, नाकपुड्या फुलल्यात, तर ट्रायल फेल, आकड्याशी वाद घालू नका.

ट्यूब काढायच्या आधी कफ सोडून बाजूने हवा जातेय का ऐका, तोंडातलं आणि कफच्या वरचं सगळं सक्शन करून घ्या, परत ट्यूब घालायचं सामान उघडून तयार ठेवा. ज्यांना परत लागण्याची शक्यता जास्त, सीओपीडी, हार्ट फेल्युअर, त्यांना काढल्या काढल्या बायपॅप लावायचं का हे आधीच ठरवून घ्या, दम लागल्यावर नाही. काढल्यावर मोठ्याने नाव विचारा आणि खोकायला लावा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर डॉक्टरला लगेच बोलवा, अ‍ॅड्रेनलिनचं नेब्युलायझेशन तयार हवं. पहिला तासभर त्या बेडपासून लांब जायचं नाही, चहाला बोलावलं तर कप तिथेच बाहेरच्या काउंटरवर मागवा, आणि दर पंधरा मिनिटांनी रेट मॉनिटरवरून नाही, छातीकडे बघून मोजून लिहा.